घरचा हिशेब : वन्संचे डॉलर आणि आपला सातबारा

सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि ‘कृपा करून नाव छापू नका’ असं दोनदा. नाव नाहीच छापणार, पण प्रश्न छापते. हल्ली महिन्याला असं एखादं तरी पत्र येतंच, आणि प्रत्येकीला वाटतं की ही अडचण जगात आपल्या एकटीचीच.

त्यांच्या थोरल्या वन्सं तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन न्यू जर्सीला गेल्या. आता दोघं निवृत्त. मुलं आपापल्या संसारात. दोघांचाही पासपोर्ट अमेरिकेचा. आता कायमचं परत यायचं ठरलंय. इथे नोकरीधंदा काही करायचा नाही. तिकडचं सोशल सिक्युरिटीचं पेन्शन, थोड्या शेअर्सचा लाभांश आणि भाड्याने दिलेल्या घराचं भाडं, एवढ्यावर दोघांचं आरामात भागेल. इथवर सगळं छान. पुढे वन्संनी फोनवर भावाला सांगितलं, “गावाकडे दोन एकर घेऊ या. पैसे मी पाठवते, नाव तुझं लाव. तुझं काय, माझं काय, एकच!” आणि वर असंही, की “आमचं उत्पन्न अमेरिकेतलं, इथे कर कसला?”

भाऊ खूश. पत्र लिहिणाऱ्या भगिनी मात्र रात्री जाग्या. “यांना विचारलं तर म्हणतात, घरातल्या घरात कसला आलाय कायदा? ताई, मी उगाच घाबरते आहे का?”

नाही हो, उगाच नाही घाबरत आहात. तुम्हाला जे खटकलंय ते बरोबर खटकलंय. पण आधी वन्संच्या राहण्याचं पाहू, मग कराचं, मग जमिनीवर येऊ.

तुमच्या वन्सं सांगलीच्या असल्या, भाकरी अजून हातावर थापत असल्या, तरी कायद्याच्या लेखी त्या परदेशी नागरिक आहेत. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी इथलं गेलं. आता पोर्तुगालमध्ये किंवा थायलंडमध्ये, बाहेरच्या उत्पन्नावर शांतपणे राहू इच्छिणाऱ्या परक्या माणसांसाठी खास व्हिसे आहेत. उत्पन्न दाखवा, ठेव दाखवा आणि राहा. भारतात असा निवृत्तांचा वेगळा व्हिसा नाही. पण मूळ भारतीय असलेल्यांना ओसीआय कार्ड मिळतं, आणि ते त्याहून कितीतरी सोयीचं. आयुष्यभर केव्हाही या, कितीही राहा, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवायलाही जायला नको. २००५ साली कायद्यात ही सोय झाली. त्या आधीचं पीआयओ कार्ड २०१५ च्या जानेवारीत यातच विलीन केलं. वन्संच्या कपाटात ते जुनं कार्ड असेल तर ‘आहे ना आमच्याकडे कार्ड’ म्हणून गाफील राहू नका, आधी ओसीआय करून घ्यायला सांगा.

दोघांचं कार्ड आहे ना, हे विचाराच. पुष्कळदा बायको कार्ड काढते आणि नवरा ‘बघू पुढे’ म्हणत पर्यटक व्हिसावर येतो. त्या व्हिसावर अमेरिकन नागरिकाला एका खेपेला फार तर १८० दिवस राहता येतं, म्हणजे वर्षातून एकदा तरी बॅग भरणं आलंच. दुसऱ्या एखाद्या व्हिसावर १८० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. साठी उलटल्यावर कोण करणार ही धावपळ? आणि कार्ड मिळालं तरी ते नागरिकत्व नव्हे हेही ध्यानात असू द्या. मत देता येत नाही, आणि आणखी एक गोष्ट करता येत नाही. ती पुढे येतेच आहे.

आता कर. “आमचं उत्पन्न अमेरिकेतलं, इथे कर कसला?” हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की विचारू नका. कर लावताना पासपोर्टचा रंग बघत नाहीत, दिवस मोजतात. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. या वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात काढले की माणूस करापुरता इथला रहिवासी. मग तो अमेरिकन असो की सांगलीचा. सोपं गणित सांगते. गणपतीला आलात आणि इथेच राहिलात, तर मार्चअखेर १८२ दिवस सहज भरतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर आलात तर त्या वर्षात भरत नाहीत.

याला एक पुरवणी आहे. एखाद्या वर्षात ६० दिवस भरले आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले, तरीही रहिवासी धरतात. नुसत्या भेटीला येणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसांना यात सवलत आहे. त्यांना ६० ऐवजी १८२ दिवस, आणि ज्यांचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे त्यांना १२० दिवस. पण कायमचं बस्तान हलवून येणाऱ्याने ‘मी भेटीला आलोय’ म्हणणं टिकेलच असं नाही. वन्सं दरवर्षी थंडीत तीन-साडेतीन महिने येऊन राहत असतील तर हा हिशेब आधी मांडा. त्यासाठी जुने पासपोर्ट लागतात. परतीच्या आवराआवरीत बायका आधी जुने कागद फाडतात! पासपोर्ट, तिकिटं, शिक्के असलेलं काहीही फेकू नका म्हणावं.

रहिवासी झाल्या म्हणजे दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या भाड्यावर इथे कर, असंही नाही. कायद्याने परतणाऱ्याला थोडी उसंत दिलीय. ‘रहिवासी, पण सामान्यतः नव्हे’ असं ते अवघड नाव. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं जो अनिवासी होता, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांहून जास्त इथे नव्हता, तो यात बसतो. तीस वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला अशी दोन वर्षं सहसा मिळतातच, दिवस जुळले तर तिसरंही. त्या काळात परदेशात मिळालेल्या उत्पन्नावर इथे कर नाही.

‘परदेशात मिळालेल्या’ या शब्दांवर बोट ठेवा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी उत्साहाने परदेशातली सगळी मिळकत परस्पर इथल्या बँकेत जमा करायला लावली. सोय झाली, पण जे उत्पन्न पहिल्यांदा भारतातच हातात पडतं ते भारतात मिळालेलं धरतात, आणि ही सवलत त्याला लागत नाही. आधी तिकडच्या खात्यात येऊ द्यायचं आणि मग लागेल तसं इकडे पाठवायचं. पैसे तेच, खातंही तेच. नुसता क्रम चुकला आणि बाईंना नोटीस आली. वर्षभर सी.ए.च्या पायऱ्या झिजवल्या त्यांनी.

ही उसंतीची वर्षं संपली की जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. त्यातही प्रत्येक पैशाची जात वेगळी. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन पाहा. भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ साली सही झालेला करार आहे, एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून. त्यात हे सरकारी पेन्शन फक्त देणाऱ्या देशाने करपात्र धरायचं असं आहे. म्हणजे अमेरिकेनेच. ही मोठी दिलाशाची गोष्ट, आणि पुष्कळांना माहीतच नसते. भाडं, लाभांश, व्याज यांचं तसं नाही. ते दोन्हीकडे दाखवायचं, आणि एकीकडे भरलेल्या कराचं श्रेय दुसरीकडे मागायचं. श्रेय आपोआप मिळत नाही, बरं का. त्याचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, कर भरल्याचे पुरावे जोडावे लागतात. नोकरीत असताना साठवलेली ४०१ के सारखी निवृत्तीची खाती असतील तर त्यातल्या वाढीवर दरवर्षी इथे कर न देता, पैसे काढताना देण्याचा पर्याय मिळतो. तो एकदा निवडला की बदलता येत नाही, म्हणून तो विचारून निवडावा.

दोघी बहिणी वेगवेगळी पंचांगं पाहून सण करतात ना, तसं हे आहे. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. एकाच भाड्याचे महिने तिकडे एका वर्षात, इकडे दुसऱ्या. म्हणून एक जाड वही करायला सांगा आणि महिन्यामहिन्याला लिहायला सांगा. वर्षाची बेरीज करून ठेवली तर ती दोहोंपैकी एकालाच उपयोगी पडते.

आकडा ऐकून घाबरायचंही कारण नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत रहिवाशाचं साधं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर शून्यावर येतो. शेअर विकून झालेल्या नफ्यासारखी वेगळ्या दराची उत्पन्नं यात धरत नाहीत. तेव्हा मध्यम मिळकतीच्या जोडप्याला प्रत्यक्षात फार द्यावं लागत नाही. द्यावं लागतं ते लक्ष. उसंत संपल्यावर इथल्या विवरणपत्रात परदेशातली घरं, खाती, शेअर्स यांची यादी द्यावी लागते, कर शून्य असला तरी. नाही दिली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून बाकीची मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर या दंडातून सूट आहे. पण वन्संचं तिकडे घर आहे, म्हणजे सूट त्यांच्या कामाची नाही. प्राप्तिकराचा १९६१ चा जुना कायदा बदलून २०२५ चा नवा आणला आहे, तो १ एप्रिल २०२६ पासूनचा. कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले, दिवस मोजायची रीत तीच. म्हणून मी मुद्दामच कलमं लिहीत नाही.

बँकेचंही सांगून टाकते. परत आल्यावर एनआरई खातं तसंच चालू ठेवायचं नसतं. बँकेला कळवून ते निवासी खातं करायचं, किंवा डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं उघडायचं. एनआरईचं व्याज करमुक्त असतं ते परदेशात राहणाऱ्याला. ‘मॅनेजर ओळखीचा आहे, चालू दे’ हे चालत नाही.

आता जरा तुमच्याच उंबऱ्याच्या आतलं. तुम्ही लिहिलंय की सोयीसाठी वन्संचं नाव यांच्या बचत खात्यात घालायचं चाललंय. थांबा! अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहिला तरी अमेरिकेला दरवर्षी विवरणपत्र देतो. शिवाय बाहेरच्या देशांतल्या त्याच्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर शिल्लक गेली, तर त्या खात्यांची माहिती वेगळी कळवावी लागते. जोडखातंही त्यात आलं. २०१५ च्या करारानंतर आपल्या बँकाही अमेरिकन नागरिकांच्या खात्यांची माहिती पाठवतात. म्हणजे तुमच्या यजमानांची ग्रॅच्युइटी, तुमच्या भिशीचे साठवलेले पैसे, सगळं वन्संच्या अमेरिकेतल्या कागदात! त्यांचं खातं वेगळं असू द्या. अडीअडचणीला सही लागेल म्हणून भावाला मुखत्यारपत्र देता येतं, वारस म्हणून नाव लावता येतं.

आणि वन्सं आल्याचं कळलं की म्युच्युअल फंड विकणारा कुणीतरी दारात येईलच. अमेरिकन नागरिकाने आपल्याकडचे म्युच्युअल फंड घेतले की अमेरिकेच्या करखात्याचे फार जाचक नियम लागतात. बँकेतली साधी मुदत ठेव त्यापेक्षा बरी. चहा द्यावा आणि पाठवावं.

आता जमीन. मघाशी म्हटलं होतं ना, ओसीआय कार्डावर आणखी एक गोष्ट करता येत नाही? ती हीच. फ्लॅट घ्या, बंगला घ्या, बिगरशेती प्लॉट घ्या, स्वतःच्या नावावर घ्या, रिझर्व्ह बँकेची परवानगीसुद्धा नको. मात्र शेतजमीन, फार्महाऊस आणि चहा-कॉफीसारखे मळे विकत घेता येत नाहीत. म्हणूनच वन्संना भावाचं नाव आठवलं. त्यांच्या मनात काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. माहेरच्या मातीची ओढ आहे बिचारीला. पण पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं आणि मनात मालक पहिलाच, याला कायद्यात बेनामी व्यवहार म्हणतात.

तुमचे यजमान म्हणतील, भावा-बहिणीला यात सूट आहे. आहे, अर्धवट ऐकलेली! बहिणीच्या पैशाने भावाच्या नावावर घेता येतं ते कागदावर दोघांचीही नावं सहमालक म्हणून असतील तर, आणि पैसा कुठून आला ते दाखवता येत असेल तर. इथे शेतजमिनीच्या खरेदीत वन्संचं नाव लागूच शकत नाही, मग ती सूट मिळणार कशी? २०१६ साली हा कायदा कडक केला. जमीन सरकारजमा होते, एक ते सात वर्षं सक्तमजुरी होऊ शकते, वर बाजारभावाच्या चौथ्या हिश्शापर्यंत दंड. आणि शिक्षा पैसे देणाऱ्यालाच नाही, नाव देणाऱ्यालाही. नाव तुमच्या यजमानांचं आहे, हे विसरू नका.

समजा सरकारचं लक्ष गेलंच नाही. मग काय? उद्या देव न करो, तुमचे यजमान आधी गेले, तर सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचं आणि मुलांचं नाव चढणार. वन्सं म्हणणार, जमीन माझी. कागद म्हणणार, तुमची. तुमच्या सुना-जावयांना यातलं काही ठाऊक नसणार. किंवा वन्सं आधी गेल्या, आणि न्यू जर्सीतली भाचरं ‘आईचे पैसे कुठे गेले’ म्हणून विचारायला आली, तर तुम्ही काय दाखवाल? असल्या भांडणात मी सख्ख्या भावंडांचा राखीपौर्णिमेचा येणं-जाणं बंद झालेला पाहिलाय. दोघंही खरंच बोलत होते.

मग करायचं काय? वन्संना खरंच भावाला द्यायचंच असेल, तर त्यांनी बँकेतून पैसे पाठवून बक्षीस म्हणून द्यावेत, तसा कागद करावा. बहिणीकडून भावाला मिळालेल्या बक्षिसावर इथे कर नाही. तिकडच्या बाजूने ठरावीक रकमेच्या वर देणगीचं विवरणपत्र वन्संना भरावं लागेल, ते त्यांचा तिकडचा सल्लागार सांगेल. पण बक्षीस म्हणजे बक्षीस. मग ती जमीन तुमची. वन्संनी हुरडा खायला यावं, राहावं, पण विकायची की ठेवायची ते तुम्ही ठरवणार. हे त्यांना मनापासून कबूल नसेल तर बक्षिसाचा कागद हा पुन्हा बेनामीचाच बुरखा.

दुसरी वाट सांगते. वाचून कदाचित तुमच्या कपाळाला आठी पडेल, पण सल्ला मागितलात तर पुरता द्यायला हवा. तुमच्या पत्रात ओझरतं आलंय की सासऱ्यांची वडिलोपार्जित चार एकर अजून वाटणी न होता तशीच आहे. ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र येऊ शकते. आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे वन्संना मातीचा तुकडा हवाच असेल, तर तो चोरवाटेने विकत घ्यायची गरज नाही. हक्काचा आहे. आजवर त्यांनी मागितला नाही, तुम्हीही काढला नाहीत, तो विषय आता निघेल. निघू द्या. तो आज ओसरीवर बसून निघालेला बरा, की दहा वर्षांनी कोर्टात? वन्संचं समाधान चार आंब्यांच्या झाडांत होईल असं तुमच्या पत्रावरून वाटतं. तेवढा तुकडा रीतसर त्यांच्या नावे झाला, आणि राहायला गावठाणात किंवा शहरात त्यांनी स्वतःच्या नावाने घर घेतलं, तर दोन एकरांचा हट्ट कदाचित आपोआप सुटेल.

यजमानांशी बोलताना एक करा. ‘तुमच्या बहिणीवर माझा विश्वास नाही’ असं तोंडातून जाऊ देऊ नका, कारण मुद्दा तो नाहीच. हा अंक टेबलावर उघडा ठेवा, आणि वन्सं यायच्या आधी दोघं मिळून एखाद्या सी.ए.कडे जा. सी.ए. असा गाठा की ज्याने परदेशी नागरिकांची विवरणपत्रं भरली आहेत. गल्लीतला नेहमीचा दुकानांचा हिशेब उत्तम करतो, पण हे काम निराळं. जाताना वन्संच्या गेल्या दहा वर्षांतल्या येण्या-जाण्याच्या तारखा कागदावर लिहून न्या. त्या फोनवर विचारून घ्यायला तुम्हाला सहज जमेल. “वन्सं, तुम्ही बाळाच्या बारशाला आलात ते कोणतं वर्ष हो?” इथून सुरुवात करा.

सासऱ्यांचा जुना आठ-अ आणि सातबारा उतारा काढून ठेवला असेल तर तोही पिशवीत टाका. वन्संची तिकडची आरोग्याची मेडिकेअर योजना इथल्या दवाखान्याचं बिल सहसा देत नाही, तेव्हा विम्याचंही त्याच बैठकीत विचारून या. आणि काय झालं ते मला कळवा. नाव नाही छापणार.